मातृभाषेचा रकाना

सुपर कॉरिडॉरच्या कडेला, अर्ध्या उभ्या इमारतीत
सिमेंटच्या पोत्याला टेकून मी फॉर्म भरत होतो.
शाळेला सुट्टी, जनगणना सुरू.
नाव?
दीतली. रविवारी जन्मली म्हणून.
मागच्या मुकादमानं हजेरीत सुनीता केलं होतं,
आता दोन्ही हाकांना ओ देते.
गाव?
अलीराजपूरच्या पुढं, बस जिथं वळते
त्याच्याही पुढं.
मातृभाषा?
तिनं मुकादमाकडे पाहिलं.
‘हिंदी लिखो,’ तो म्हणाला. तिनंही मान हलवली.

मी लिहीतच होतो
तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला
आणि बाईच बदलली.
उकिडवी बसली, आवाज पोटातून यायला लागला,
मध्येच रुसली, मध्येच कुणावर तरी खेकसली.
बकरीचं काहीतरी होतं, की वारलेल्या कुणाचं,
मला एकच शब्द कळला
तोही पाण्यासारखा वाटला म्हणून.

फोन ठेवल्यावर विचारलं,
हे काय बोलून राहिली होतीस?
(मनातल्या मनात, असंच.
माझं हे ‘बोलून राहिली’ ऐकून
पुण्याची मावसबहीण अजून हसते.)
तोंडानं अर्थात हिंदीत विचारलं.
‘ये? ये तो घर का बोलना है.’
नाव काय त्याचं?
पदर तोंडाशी नेऊन ती हसली,
एवढा मोठा मास्तर आणि इतका खुळा.
‘माँ को कोई नाम से बुलाता है क्या?’

सरकारी पुस्तिकेत नावं होती.
भिली, भिलाली, बारेली, प्रत्येकीपुढं आकडा.
मी वाचत गेलो. ती ऐकत राहिली
जत्रेत हरवलेल्या पोरांची नावं
भोंग्यावर ऐकावीत तशी.
एका नावाला मान वर आली.
खोडायला काही नव्हतं.
थुंकी लावून अंगठ्यानं ‘हिं’ पुसला,
कागद विरला जरा,
त्या विरल्या जागेवरच लिहिलं.
मुकादम म्हणाला, क्या फरक पड़ता है, सर.
मला उत्तर सुचलं नाही.
पोत्यावरून उठलो, चड्डीभर सिमेंट.

रात्री रामबागेत, घरचा फॉर्म.
मी मराठी. बायको मराठी.
आसावरीपुढं पेन टेकवलं
आणि ती आतून ओरडली,
‘पापा, एकोणऐंशी मतलब?’
उन्यासी, मी म्हणालो.
लगेच. विचारही न करता.

अंगठा अजून निळाच होता.