अकरा डबे

डुलुथच्या उतारावर, तळ्याकडे तोंड करून
पालुत्सीचं दुकान.
तळं म्हणायचं आपलं; पलीकडचा काठ कुणाला दिसलाय?
लोखंडाची माती भरून जहाजं निघतात
आणि दुपारच्या दुपारी पांढऱ्यात पुसली जातात.

काउंटरमागे अकरा डबे.
एर्मिंदो म्हणाला, पाटी रंगवायचीय,
'आमच्याकडे इतक्या तऱ्हेचे पिझ्झे.'
तू कॉलेजात जातेस, आउने. सांग, किती?

मी म्हटलं, प्रत्येक डब्याला एकच विचारायचं:
येतोस, की राहतोस?
कांद्याला विचारलं, झाले दोन.
मशरूमला विचारलं, दोनाचे चार.
ऑलिव्हपाशी आठ, मिरचीपाशी सोळा,
पालक, लसूण, सॉसेज, पेपरोनी,
वाळवलेला टोमॅटो, त्याला न आवडणारा अननस,
आणि शेवटी खारवलेली मासळी.
दोन हजार अठ्ठेचाळीस.

पिठाचे हात त्याने कमरेवर ठेवले.
"मला तर वीसेक माहीत.
अननस न् मासळी एकत्र, ते तरी वगळलेस ना?"
नाही. तसे पाचशे बारा आहेत.
"पाचशे बारा! माझ्या दुकानात!"
गणिताला जीभ नसते, मी म्हटलं.
"म्हणूनच ते जेवायला कुणी बोलावत नाही."

"आणि ज्यावर काहीच नाही, तो?"
तोही धरलाय.
सगळे 'राहतो' म्हणाले, तरी ते उत्तरच की.
गुरुवारी ब्रुसेथ म्हातारा तोच नेतो,
नुसता सॉस, नुसतं चीज,
गोदीवरची क्रेन सोडल्यापासून.
त्याला सांगितलं, तुमचा पिझ्झा म्हणजे रिक्त संच.
खोका छातीशी धरत तो म्हणाला,
"रिकामा कुठला, पोरी? भाजतोय."

पाटी लागली. आकडा लाल, शेवटचा आठ जरा कलता.

मासळी खाणारा गावात कुणी नव्हता.
शनिवारी खाणीकडच्या गावाहून
एर्मिंदोचा भाऊ यायचा, नाझारेनो,
बूट न झटकता आत,
मासळी, लसूण, ऑलिव्ह, आणि भांडण
पंचेचाळीस सालच्या कुठल्याशा गाढवावरून.
दोघांनाही ते गाढव आपलंच वाटायचं.

जानेवारीत तो यायचा थांबला.
जमीन इतकी गोठलेली, की पुरायला
एप्रिलपर्यंत थांबावं लागलं.

परत आल्यावर एर्मिंदोने अकरावा डबा घासला,
दोनदा घासला, पालथा घातला.
मी विचारलं, पाटी बदलू?
"बदल. एक डबा गेला, म्हणजे किती गेले?
दहा? बारा?"

खोटं बोलता आलं असतं.
पण खडू हातात होता, आणि मी नुकतीच
परीक्षेत पहिली आले होते.
अर्धे, मी म्हटलं. हजार चोवीस.

"एक गेला, तर अर्धे?"
प्रत्येक पिझ्झ्याचा एक जोडीदार असतो,
हुबेहूब तसाच, फक्त वर मासळी असलेला.
ते सगळे जातात.

त्याने भट्टीचं दार उघडलं,
आत काही नव्हतं, तरी बराच वेळ पाहत राहिला.
"अर्धे," तो म्हणाला,
पीठ बोटाने दाबून फुगलंय का पाहावं तसा.
"बरोबर आहे तुझं."

पाटी अजून तशीच आहे.
शुक्रवारी तो मासळीचा लहानातला लहान टिन आणतो,
अकराव्या डब्यात ओततो.
सोमवारी मागच्या दारी मांजराला घालतो.
हिशेब चुकायला नको, म्हणतो,
लोक मोजतात.