खिडकी क्रमांक चार

रात्री साडेअकराला माझ्या शहरात पाणी येतं.
येतं म्हणजे, जातच नाही कधी.
चार लाख बारा हजार वस्ती, तीन जलाशय,
एक थेंब गळती नाही.
नऊ वर्षं खपून बांधलंय,
घोडपदेवच्या दहा बाय बाराच्या खोलीत,
कॉटवर मांडी घालून, कानाला हेडफोन लावून,
बायकोची झोप मोडू नये म्हणून.

गेल्या मंगळवारी शहराला कुलूप लागलं.
नवा नकाशा विकत घेतला होता, चोवीसशे नव्व्याण्णवचा.
पैसे गेले, नकाशा आला नाही.
विचारायला गेलो तर खातंच गोठवलं.
कारण : संशयास्पद हालचाल.
एक्कावन्न वर्षांत माझा संशय कुणाला आला नव्हता,
बायकोलासुद्धा.

मिया नावाची कुणी बोलायला आली.
प्रिय मीटररीडर७४, तुमचा त्रास मी समजू शकते.
मी लिहिलं, बाई, पैसे गेलेत.
मी समजू शकते.
मी लिहिलं, माणूस द्या.
तुम्हाला 'माणूस' या नावाचा गेम शोधायचा आहे का?

चौथ्या दिवशी माणूस आला.
निदान खाली सही तरी होती.
त्याला पुरावा हवा होता, मी मीच असल्याचा :
पहिल्या खरेदीच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे.
ते कार्ड ज्या बँकेचं, ती बँक दुसरीत विरघळली.
कार्ड मी स्वतः कात्रीनं कापलं,
मॅनेजरबाईंनी सांगितलं तसं, चिपच्या बरोब्बर मधून.
हे सगळं सविस्तर कळवलं.
उत्तर आलं : कृपया चार आकडे कळवा.

दिवसा मी वॉर्ड ऑफिसात असतो.
पाणी खातं, खिडकी क्रमांक चार.

दर सोमवारी माझगावहून हाजराबी मुकादम येतात.
दीड महिना झाला, नळाच्या पाण्याला वास येतोय.
मी म्हणतो, अर्ज नोंदवलाय.
म्हणतो, वर पाठवलाय.
म्हणतो, जुन्या बिलाची झेरॉक्स जोडा.
बिल सासऱ्यांच्या नावावर. सासरे एक्क्याण्णव साली गेले.
म्हटलं, मग त्यांची सही लागेल.

तोंडातून निघून गेलं,
आणि निघता निघता मी ते ऐकलं.
आवाज माझा होता. वाक्य मियाचं.

हाजराबी ओरडल्या नाहीत.
पिशवीतून बाटली काढली, जाळीखालून आत सरकवली.
घे. वास घे.

मला वाटलं, ही बाई किती नशीबवान.
हिला जाळी आहे, जाळीमागे माझं थोबाड आहे,
वाटलं तर छत्रीच्या दांड्यानं ठोकता येईल असं.
माझ्या दुकानाला काउंटरच नाही.
मी माझी बाटली कुठे ठेवू?

झाकण उघडलं.
येत होता.
म्हटलं, येतोय, चाची.
त्या बाकावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, मला वाटायला लागलं होतं, माझंच नाक बिघडलं.

पाइप अजून तोच आहे.
इंजिनिअर रजेवर, कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडकलेलं,
हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, त्यांनाही नव्हता.

काल रात्री निरोप आला :
तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे.
आमची सेवा कशी वाटली?
खाली पाच तारे, पोकळ.
आत माझ्या चार लाख बारा हजार माणसांचं
काय चाललं असेल देव जाणे, नळ उघडेच राहिले असतील.
मी पहिल्या ताऱ्यावर बोट दाबलं.

मत नोंदवण्यासाठी
कृपया आधी आपल्या खात्यात प्रवेश करा.