सहाशे अकरावा प्रश्न

टोलेडोत, नदीच्या अलीकडच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये
रविवारी सकाळी साडेसहाला कुणी नसतं.
बावीस मिनिटं धुणं, चाळीस मिनिटं वाळवणं,
तेवढ्यात मी वीस प्रश्न सोडवते.
पूर्वी ऐंशी सोडवायचे.

ते ऐंशीचे दिवस थाटाचे होते.
हिरवी खूण, पुन्हा हिरवी खूण,
शेवटी आकडा: ब्याण्णव टक्के.
श्रीनिवासला दाखवला की तो कांदा चिरता चिरता म्हणायचा,
"मग काय, झालंच की."
परीक्षेत अडुसष्ट आले.
पंचाहत्तर लागतात.
सात गुणांची तूट,
आणि फी नावे पडली ती वेगळीच.

"दगा दिला त्या प्रश्नसंचानं," मी नाजलाला म्हटलं.
नाजला माझ्या शेजारच्या टेबलावर
काचकारखान्याचे पगार काढते,
तिसऱ्या खेपेला सीपीए झालेली.
काही बोलली नाही. माझा फोन घेतला,
एक प्रश्न उघडला, पर्याय अंगठ्याखाली झाकले.
"सांग."
भाड्याने घेतलेला ट्रक, पाच वर्षांचा करार.
"सी," मी म्हणाले.
"सी म्हणजे?"

सी म्हणजे सी.
ट्रकवाल्याचं उत्तर सी असतं
एवढंच मला ठाऊक होतं;
रोज बसस्टॉपवर दिसणाऱ्या माणसाचा चेहरा ठाऊक असतो तसं,
नाव नाही, गाव नाही,
तो उतरतो कुठे तेही नाही.

त्या रात्री अण्णा आठवले.
मिरजेची पतसंस्था, मार्चअखेर, तेरीज जुळेना.
त्रेसष्ट रुपयांचा फरक.
मॅनेजर म्हणाले, टाका अनामत खात्यात, चला घरी.
अण्णांनी चष्मा पुसला:
"नवानं भाग जातोय. कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत."
दीड तासानं सापडलं,
एक्क्याऐंशीचे अठरा.
मी डबा घेऊन गेलेली, आठवीतली,
मला वाटलं, ही जादू.
ती जादू नव्हती. चुकीलाही जात असते,
आणि अण्णा तिला जातीवरून ओळखायचे.

मग मी वही घातली. दोन रकाने.
डावीकडे नावे: चुकलेला प्रश्न.
उजवीकडे जमा: का चुकला.
"'वगळता' हा शब्द वाचलाच नाही."
"व्याज सहा महिन्यांचं, मी बारा धरले."
"येत होतं. घड्याळाकडे पाहिलं."
एका ठिकाणी नुसतं: "माहीत नाही,"
आणि तो रकाना भरायला मला दोन संध्याकाळी लागल्या.
बरोबर आलेल्यांचंही बघायचं,
उरलेले तीन पर्याय कुणासाठी मांडलेत ते.
बहुतेक वेळा
ते माझ्यासारखीसाठीच मांडलेले असायचे.

धडे पिसले. भाडेकरारानंतर रोखे,
रोख्यांनंतर एखादी धर्मादाय संस्था,
मग पाच दिवसांनी परत तोच ट्रक, अवचित, गर्दीत.
आकडा अठ्ठावन्नावर आला.
श्रीनिवासनं विचारलं, आज किती?
मी फोन पालथा ठेवला.
"कांदा जळतोय," म्हटलं.

आता एकोणीस दिवस राहिलेत.
सहाशे अकरावा प्रश्न आजही चुकला.
पहिल्यांदा चुकला तेव्हा तो नीट वाचला नव्हता.
दुसऱ्यांदा वाचला, नियम उलटा लावला.
आज नियम बरोबर लागला, पायऱ्या बरोबर,
शेवटच्या बेरजेत हातचा विसरले.
हातचा!
अण्णांच्या लेकीनं!

रिकाम्या लॉन्ड्रोमॅटमध्ये एकटीच मोठ्याने हसले.
ड्रायरमागून पोछा मारणारा पोऱ्या डोकावला,
"सगळं ठीक ना, मॅडम?"
ठीक आहे, म्हटलं, चुकले फक्त.
त्याला काय कळलं कोण जाणे. मान हलवून गेला.

वहीत नोंद केली.
ड्रायरमध्ये अजून अकरा मिनिटं होती,
आणि खिशात क्वार्टर एकच.