चौदा नंबरचा घारा

रुवीच्या मागच्या गल्लीत, जाड पडद्याआड,
बायकांच्या सलूनात मी केसांना रंग देते.
दाराबाहेर पंचेचाळीस अंश.
आत अमोनिया, आणि त्यावर उदाचा थर.
भिंतीला रंगांचं पुस्तक टांगलंय,
त्यात खऱ्या केसांचे बोटभर झुपके :
राख, मध, वाळू, जळकी साखर.
यातली वाळू म्हणजे मी, वय वर्षं नऊ.

हर्णैला आमच्या पाखाडीत या रंगाला वाळू म्हणत नसत.
भुरी म्हणत.
खाऱ्या वाऱ्यानं झालेली भुरी,
तेल न मिळालेली भुरी.
आई माका वाटून खोबरेलात कढवायची,
डोक्यावर थापायची, हात लोखंडी.
काळं व्हायला पाहिजे, म्हणायची,
कढईच्या बुडाकडे बघत.

आणि डोळे.
खोतांच्या सुनेचे घारे होते,
त्यांना बायका पाणीदार म्हणत,
हळदीकुंकवाला तिला मुद्दाम पुढे बसवत.
माझेही घारेच,
तर मासळीच्या लिलावात कुणीतरी हसून विचारायचं,
कुणाचे गं?
आई पाटी उचलायची. सुरमई मोजायची.
उत्तर तिनं मला कधी दिलं नाही,
मीही मागितलं नाही.
दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली.
घारीची नजर चूल विझवते, असं एकीनं
पायरी उतरता उतरता ऐकवलं.

इथे पहिल्याच आठवड्यात शम्सानं
माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.
तिचं लग्न ठरलेलं. आजी झांजिबारची,
केस दाट, कुरळे, कंगव्याला न जुमानणारे.
ते तिला सरळ हवे होते, राखेच्या रंगाचे.
आणि हे, ती म्हणाली, हे डोळे.
कुठल्या कंपनीचे? कितीला?
मी तोंड उघडायच्या आत
सुहरा, आमची मालकीण, कोळिकोडची,
गल्ल्यामागून बोलली :
चौदा नंबर. बारा रियाल. पाण्याच्या बाटलीसकट.

त्या हिवाळ्यात चौदा नंबर चारदा संपला.
सोहारहून, सूरहून नवऱ्या आल्या,
माझ्या चेहऱ्याशेजारी डबी धरून
खात्री करून घेत. थोडा फिका आहे, म्हणत. डबीतलाच बरा.
पगारात पाच रियाल वाढले.
लिलावात जे फुकटही कुणी उचललं नसतं
त्याची बोली ऐकत मी उभी असायची,
पापणी न हलवता.

मग वारं फिरलं. कुठून फिरतं कोण जाणे.
शम्सा परत आली, कडेवर मूल,
केस टोकांना जळून झाडूसारखे.
जे माझे उरलेत तेवढेच ठेव, म्हणाली.
मी कापत गेले. फरशीवर राख पडत गेली.
मुळाशी आजीचे कुरळे पुन्हा उगवले होते,
घट्ट, इवले, रागावल्यासारखे.

आता सगळ्यांना काळं हवंय. सुरम्याइतकं खोल.
सुहरानं नव्या मालातली डबी माझ्यापुढे सरकवली :
घालून उभी राहा.
तीनदा निसटलं. चौथ्यांदा बसलं.
डोळे पुसून आरशात पाहिलं
तर आई,
पाटीच्या वजनानं थोडी आखडलेली मान,
तेच काळे, तोंड न उघडणारे डोळे.

रात्री तिला व्हिडिओ कॉल लावला.
बघत राहिली. वाटलं, रेंज गेली.
मग म्हणाली,
कुणाचे गं?

दुकानाचे, मी म्हटलं. परत द्यायचेत.

आणि ती हसायला लागली,
पदर तोंडात कोंबून, फोन कलंडेपर्यंत.
पलीकडे कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं,
आणि मला नुसतं घराचं छप्पर दिसत होतं.

झाकणातल्या मिठाच्या पाण्यात
दोन काळ्या चकत्या.
एक बुडाली, एक अजून वर आहे.