वजन

ग्रीनॉकहून पहाटेच्या बसने आलो आम्ही सातजणी,
ओल्या कोटांचा वास घेऊन
ग्लासगोच्या लवादात बसलो.

कौन्सिलचा वकील सेंगाला विचारतो,
"कचऱ्याचा डबा भरला की किती किलो होतो,
कल्पना आहे तुम्हाला?"
"आहे," ती म्हणते. "त्याला चाकं असतात."

मग ती मिस्टर गॅलाकरचं सांगते.
ब्याऐंशी वर्षं, डावी बाजू गेलेली.
गोदीत रिव्हेट ठोकायचा;
हाडापेराने अजून जहाजच.
सात वाजता त्याला बिछान्यातून उठवायचं.
तो आधी शिव्या देतो, मग रडतो,
मग विचारतो, "पोरी, तू काही खाल्लंस का?"

"डबा रडत नाही, साहेब.
आणि डबा गेला तर
त्याच्या कॅनडातल्या मुलीला
फोन करावा लागत नाही."

वकील चष्मा पुसतो. कागद वाचतो.
पुरुषांच्या रकान्यात बोनस, हिवाळी भत्ता.
आमच्या रकान्यात एवढंच:
काम हलकं, बायकांना उपजत जमणारं.

हलकं.
मी माझ्या कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला.

अर्जावर नऊ सह्या होत्या.
आयलीन आणि थोरली मॅगी
तारखांच्या मध्येच कुठेतरी संपल्या.
त्यांची थकबाकी कुणाच्या नावे निघणार,
ते अजून ठरायचंय.

निकाल नोव्हेंबरात.

परतीच्या बसमध्ये कुणीच बोललं नाही.
पोर्ट ग्लासगोपाशी सेंगाने घड्याळ पाहिलं.
"आज बदली बाई असेल त्याच्याकडे.
सदरा घालताना डावा हात आधी घ्यायचा असतो.
सांगितलंय का तिला कुणी?"