टाकीचं झाकण

बेचाळीस तास. मीटरवर एवढंच आयुष्य त्याचं.
सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून पुरतं काढलेलं नव्हतं.
आणि वरच्या कुरणात, मेपलच्या रांगेपाशी,
पुन्हा तेच:
आवाज आधी जड झाला, मग पातळ,
मागच्या कटरची पाती गवतात रेंगाळली,
काळा धूर नाही, खडखड नाही,
नुसता दम गेला.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी
व्हरमाँटच्या या वरच्या टोकाला, बर्फात, चिखलात.
इंजिन खोटं बोलायला लागलं की मला कळतं.
हे खोटं बोलत नव्हतं.
याला सांगताच येत नव्हतं.

डीलरकडचा पोरगा फोनवर म्हणाला,
"अवजारांचं ओझं झालं असेल, मॅडम. पंचवीसच अश्वशक्ती.
एकेक काढून बघा."
काढली.
आधी कटर; शाफ्ट ओढताना अंगठा सोलला.
मग पुढचा लोडर, त्याचे होज, होजांच्या रंगीत टोप्या.
मागच्या चाकांवरची वजनंसुद्धा.
सगळं अंगणात मांडलं,
तळ्यात उतरलेल्या माणसाच्या कपड्यांसारखं,
आणि उघडाबोडका ट्रॅक्टर घेऊन टेकडी चढले.
चाळीस मिनिटं छान.
एकेचाळिसाव्याला तेच.

एअर फिल्टर कोरा.
डिझेल फिल्टरची वाटी उन्हात धरली:
शेतीचं लाल डिझेल, सरबतासारखं नितळ,
पाण्याचा थेंब नाही.
उंदरांचं घरटं शोधलं.
उंदीरही अजून राहायला आले नव्हते.

सोलांज, माझी धाकटी बहीण, म्हणाली, परत कर.
पेन्शनचे पैसे मोजलेस तू.
मी म्हटलं, धाप लागते म्हणून कुणाला परत करतात का?
ती बराच वेळ बोलली नाही.
तिचा नवरा चैत्रापासून नव्हे, गेल्या हिवाळ्यापासून ऑक्सिजनवर आहे,
हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

शनिवारी लीलंड ऑस्गूड आला,
कुंपणाच्या तारा बघायला, असं म्हणाला.
शहाऐंशीचा. ट्रॅक्टरकडे बघितलंही नाही.
बादली उलटी घालून बसला.
"दम गेल्यावर काय करतेस?"
"काय करणार? बंद करते. उतरते."
"मग?"
"डिझेल आहे का बघते."
"कसं?"
"कसं म्हणजे? झाकण उघडून."
"मग चालतो."
"मग चालतो. चाळीस मिनिटं."

तो गप्प. मी गप्प.
कुरणात कुठेतरी टोळ वाजत होते.
दर वेळी झाकण फिरवताना
एक सुस्कारा ऐकू यायचा.
मला वाटायचं, माझाच.

झाकणाच्या आतल्या अंगाला
मोहरीएवढं भोक असायला हवं,
डिझेल जाईल तशी हवा आत यायला.
तिथं साच्यातल्या प्लॅस्टिकचा पापुद्रा ताणलेला होता,
कारखान्यात कुणाचं बोट फिरलं नव्हतं.
तेरा वेळा मी ते झाकण उघडलं होतं.
तेरा वेळा बरं केलं,
आणि तेराही वेळा पुन्हा घट्ट पिळून लावलं,
चांगल्या सवयीची बाई मी.

लीलंडनं टोपीत खोचलेला मासे धरायचा गळ काढला,
टोचला,
पुसला,
परत टोपीत खोचला.
कुंपणाच्या तारा न बघताच निघाला.

अवजारं चढवण्यात दुपार गेली.
मग अंधार पडेस्तोवर कापत होते.
खालून नीट दिसतं आता:
जिथे जिथे तो थांबला होता
तिथे गवताची उंची जरा वेगळी,
कुणी वाचता वाचता पानं दुमडावीत तशी.

सोलांजला फोन लावलाय.
काय सांगायचं ते ठरलेलं नाही:
ट्रॅक्टर चालायला लागला हे,
की त्या दिवशीच्या वाक्याचं.
तिकडे उचललं जातं.
आधी ऐकू येतं ते त्या मशीनचं,
फुस्स, थांबणं, फुस्स.
मग तिचा "हॅलो".