अमानत

संगमपुलाच्या आरटीओत
माझ्यापुढे एकोणीस जण.
बाहेर कडुनिंबाखाली, स्कूटीच्या सीटवर दुकान मांडून
उमरजकर एजंट म्हणाला,
काका, पत्ता धानोरीचा, भाडेकरार धानोरीचा,
तिकडचं तिकडं राहू द्या.

अर्जात खालून तिसरा प्रश्न:
अर्जदाराची अनुज्ञप्ती यापूर्वी
निलंबित किंवा रद्द झाली आहे काय?
होय. नाही.
'नाही'पुढच्या चौकटीत त्यानं
पेन्सिलीनं बरोबरची खूण आधीच करून दिलेली.
मी फक्त गिरवायचं,
बालवाडीतल्या पोरासारखं.

पहाट. खानापूर रोड. बेकरीचा टेम्पो,
मागं पावाच्या गरम लाद्या, आणि मला झालेला उशीर.
दूध घालणारा पोरगा सायकलवर.
वाचला, म्हणतात सगळे.
मी म्हणतो, नडगी.
त्याच्या आईनं किटलीही उचलून नेली,
चेपलेली.

बेळगावहून नोटीस आली ती कानडीत.
सहा महिने. अमानतु.
बायकोला वाचून दाखवली तर म्हणाली,
अमानत म्हंजे ठेवच की ओ.
पावती तेवढी जपून ठेवा.

खिडकीतल्या मुलीनं नाव टाइप केलं.
हलगेकर, बसवंत नारायण.
स्क्रीनवर मी आलो,
तिकडचा, मिशीवाला.
सीमेचा दावा माझ्या बापाच्या तरुणपणापासून चाललाय,
संगणकाला त्यातलं काही ठाऊक नाही.
अजून सत्याऐंशी दिवस आहेत, काका, ती म्हणाली,
तशी चांगल्या आवाजात.
मग या.
आणि अर्ज सरकवला परत.

मी गिरवलं होतं. नाही.
निळ्या शाईनं, दाबून.
तिनं तो प्रश्न पाहिलाही नव्हता.

उमरजकर पैसे परत देईना, अर्धे दिले.
लायसन्स नसलं की माणूस
किती लवकर प्रवासी होतो.
धानोरीच्या बसमध्ये
ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली.
येरवड्याच्या अलीकडं
डावीकडून एक सायकल आत घुसली
आणि माझा उजवा पाय
बसच्या पत्र्यावर करकचून दाबला गेला.
बस थांबली.
सायकल गेलीसुद्धा.
पाय उचलेना.

शेजारच्या बाईनं विचारलं,
गोळा आला का हो पायात?
म्हटलं, हो.